परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांना खुले पत्र : व्हिसा मिळाल्यानंतरचंही सांगा

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या परदेशी शिक्षणाच्या सर्व सल्लागारांस,

स. न. वि. वि.

मी गेली अकरा वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात काम करते. तुम्ही पाठवलेली मुलं इथे उतरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठ देतं ते विद्यार्थी म्हणून पात्रतेचं प्रमाणपत्र) घेऊन ज्या टेबलाशी येतात, त्या टेबलामागे मी बसते. माझ्या हुद्द्याला डीएसओ (डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल) म्हणतात. मुलांच्या आय-२० वर सही करणं हे माझं काम. विद्यापीठाने एखाद्याला निलंबित केलं तर सरकारच्या सेव्हिस या संगणकप्रणालीतली त्याची नोंद बंद करणं हेही माझंच काम. या दुसऱ्या कामाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या सेमिनारमध्ये याचा उल्लेख झाला होता का, असं मी समोर बसलेल्या प्रत्येक मुलाला विचारते. अजून एकानेही हो म्हटलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला. तपशील थोडे बदलून सांगते, कारण त्याची ओळख पटू नये. मराठवाड्यातला, संगणकशास्त्रात एमएस करणारा, दुसऱ्या सेमिस्टरमध्ये. माझं मराठी ऐकून ‘मॅडम’चं ‘ताई’ झालं. बॅग मांडीवर घट्ट धरून बसला होता. निलंबनाचा निर्णय आदल्या दिवशी लागला होता : दोन सेमिस्टर. मी काही बोलायच्या आत त्याने पासपोर्ट काढला, व्हिसाचं पान उघडलं आणि मुदतीच्या तारखेवर अंगठा ठेवून म्हणाला, “ताई, हा बघा, अजून चार वर्षं आहे. मग मला जावं नाही ना लागणार?”

त्या अंगठ्याखालच्या तारखेचा आणि त्याच्या इथे राहण्याचा काही संबंध नव्हता. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

व्हिसा मिळवून देण्यात तुम्ही निष्णात आहात. मुंबईच्या वकिलातीत बीकेसीला मुलाखतीत काय विचारतात, बँकेची कागदपत्रं कशी लावायची, हे सगळं तुम्ही घोकून घेता. पण पासपोर्टवर चिकटवलेला तो व्हिसा म्हणजे फक्त दारावर दाखवायचा कागद. भारतीय विद्यार्थ्याला तो पाच वर्षांपर्यंतचा मिळतो आणि दारातून आत आल्यावर त्याचं काम संपतं. आत राहण्याचा हक्क टिकतो तो एफ-१ या दर्जावर, म्हणजे पूर्णवेळ शिकत असण्यावर, आणि त्याची नोंद असते सेव्हिसमध्ये. व्हिसा चार वर्षांचा शिल्लक असूनही दर्जा आज संध्याकाळी संपू शकतो. उलट, व्हिसाची मुदत संपली तरी मुलगा नीट शिकत असेल तर त्याला इथून कुणी हलवत नाही. ही एवढी एक गोष्ट मुलांना पक्की कळली तरी माझ्या टेबलासमोरचं निम्मं रडणं थांबेल.

आता मी काय करते ते सांगते. निलंबनाचा निर्णय लागू झाला की सेव्हिसमध्ये त्या मुलाची नोंद उघडायची. नोंद बंद करण्याच्या कारणांची एक यादी खाली उघडते. त्यात परवानगीशिवाय नोकरी आहे, परवानगीशिवाय कोर्स कमी करणं आहे, आणि निलंबन हेही एक स्वतंत्र कारण आहे. ते निवडायचं, पुढे दोन ओळी लिहायच्या, बटण दाबायचं. विद्यार्थ्याचा दर्जा सुटला की २१ दिवसांच्या आत हे कळवणं नियमाने विद्यापीठावर बंधनकारक आहे. मुलगा कितीही चांगला असला, चूक कितीही लहान असली, तरी मला तिथे मन नावाची गोष्ट वापरता येत नाही. त्याच क्षणी कॅम्पसवरची त्याची नोकरी जाते, सीपीटी किंवा ओपीटीची, म्हणजे शिक्षणाशी जोडलेलं काम करण्याची, परवानगी असली तर तीही जाते. बायको एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याची जोडीदार म्हणून, आलेली असेल तर तिची नोंदही त्याच्याबरोबर बंद होते.

आणि मुदत? अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला सामान आवरायला ६० दिवस मिळतात. डीएसओची परवानगी घेऊन स्वतःहून मधेच शिक्षण थांबवणाऱ्याला १५ दिवस मिळतात. निलंबनाने नोंद बंद झालेल्याला एकही दिवस मिळत नाही. नियमाप्रमाणे त्याने लगेच निघायचं, नाहीतर दर्जा परत मिळावा म्हणून अर्ज करायचा. त्या अर्जासाठी सर्वसाधारणपणे पाच महिन्यांची मर्यादा आहे, आणि जे घडलं ते आपल्या हाताबाहेरच्या कारणाने घडलं हे दाखवावं लागतं. स्वतःच्या गैरवर्तनामुळे झालेलं निलंबन हाताबाहेरचं होतं हे पटवणं फार अवघड आहे. मी मुलांना खोटी आशा दाखवत नाही.

तो मुलगा चार दिवसांत गेला. घर मुंबई–लातूर रस्त्यालगतच्या एका गावात. वडिलांनी कर्जासाठी शेत आणि घर दोन्ही तारण ठेवलेलं. पण मला तुम्हाला त्याचं जाणं सांगायचं नाहीये. त्याच्या आधीचे सहा आठवडे सांगायचे आहेत.

प्रकरण कशाचं होतं? पहिल्या सेमिस्टरला त्याने खोलीतल्या मित्राला असाइनमेंटचा कोड व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. दोघांचे कोड जुळले. प्राध्यापकांनी दोघांना शून्य दिलं आणि ऑनलाइन फॉर्म पाठवला : आरोप मान्य आहे का? त्याने ‘मान्य’वर टिचकी मारली, कारण प्रकरण लवकर मिटावं असं वाटलं. त्याने फक्त दिला होता, घेतला नव्हता. इथे देणाराही तितकाच दोषी धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्या टिचकीने त्याच्या नावावर ‘पहिला गुन्हा’ जमा झाला हेही त्याला कळलं नाही. दुसऱ्या सेमिस्टरला रिपोर्टमधले तीन परिच्छेद इंटरनेटवरून उचलले गेले तेव्हा तो ‘दुसरा गुन्हा’ ठरला, आणि दुसऱ्याला आमच्याकडे निलंबन सुचवतात.

मी स्वतः महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलंय. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्या जर्नलवरून दहा जणांची जर्नलं उतरलेली मी पाहिली आहेत, माझंही त्यातलंच एक होतं. ड्रॉइंगच्या शीटला काचेखाली दिवा लावून जीटी मारणं आम्हाला चोरी वाटत नव्हतं, मैत्री वाटत होती. सर बघायचे आणि सही करायचे. त्या सवयीत चार वर्षं वाढलेलं मूल तुम्ही विमानात बसवता आणि त्याला सांगत नाही की इथे तीच मैत्री त्याला देशाबाहेर काढू शकते. मुलांची नियत वाईट नसते, पण चौकशी समितीसमोर नियत शेवटी मोजली जाते, आधी कागद मोजले जातात.

दुसऱ्या आरोपाची ईमेल त्याला आली त्या दिवसापासून निर्णयापर्यंत सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत तो माझ्याकडे आला नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “ग्रुपवर सगळे म्हणाले की इंटरनॅशनल ऑफिसला कळलं तर लगेच व्हिसा कॅन्सल करतात.” हे साफ चुकीचं आहे. नुसता आरोप असणं, हिअरिंग म्हणजे सुनावणी चालू असणं ही सेव्हिसमध्ये कळवायची गोष्ट नाही. विद्यापीठाची ताकीद किंवा प्रोबेशन (देखरेखीखालची सशर्त मुदत) मिळालं तरी मुलगा पूर्णवेळ शिकत असेल तर त्याच्या एफ-१ ला त्याने काही होत नाही. (एक मात्र खरं सांगते : कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम केलं असेल, तर माझ्याशी बोलण्याआधी वकिलाशी बोलावं. मला ते कळलं तर नोंदवावंच लागतं. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी फुकट किंवा स्वस्त कायदेशीर सल्ला मिळतो.)

तो आला असता तर काय झालं असतं? कदाचित निलंबन टळलं नसतं. पण बऱ्याच गोष्टी हातात होत्या.

शिस्तीची समिती आणि आंतरराष्ट्रीय कार्यालय ही दोन वेगळी खाती असतात. समितीवरच्या प्राध्यापकांना बहुधा ठाऊकच नसतं की अमेरिकन मुलाला दोन सेमिस्टर घरी बसवणं आणि भारतीय मुलाला दोन सेमिस्टर घरी बसवणं या एकच शिक्षा नाहीत. कुणीतरी ते त्यांच्यासमोर मांडावं लागतं. मांडलं तर ऐकतात, असा माझा अनुभव आहे. निलंबन सेमिस्टरच्या मध्यावर लागू न करता सेमिस्टर संपल्यावर लागू केलं, तर निदान तेवढे क्रेडिट आणि फी वाचते. कधी निलंबन स्थगित ठेवून प्रोबेशन देतात. कधी अभ्यास चालू ठेवून बाकीच्या हक्कांवर बंदी घालतात.

याची मोठी उदाहरणं जगजाहीर आहेत. ९ नोव्हेंबर २०२३ ला एमआयटीमध्ये निदर्शनं झाली, तेव्हा अध्यक्ष सॅली कॉर्नब्लुथ यांनी नियम मोडणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्ण निलंबित न करता फक्त अभ्यासाव्यतिरिक्तच्या उपक्रमांतून निलंबित केलं, आणि व्हिसासारखे परिणाम होतील ही काळजी हे कारण त्यांनी स्वतः जाहीरपणे दिलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॉर्नेल विद्यापीठाने मोमोदू ताल या ब्रिटन आणि गांबियाचं नागरिकत्व असलेल्या संशोधक विद्यार्थ्याला निदर्शनांवरूनच तात्पुरतं निलंबित केलं. त्याला देश सोडावा लागणार अशी वेळ आली. पुढे विद्यापीठाने त्याला कॅम्पसवर न येता नोंदणी चालू ठेवू दिली आणि त्या वेळी त्याचा दर्जा टिकला. आपल्या मुलांची प्रकरणं राजकारणाची नसतात, बहुधा उतरवल्याची असतात. पण शिक्षेला आकार देता येतो, एवढं या दोन्हींतून दिसतं. आकार द्यायचा तो निर्णयाच्या आधी. नंतर अपील असतं, पण त्याची मुदत अनेक विद्यापीठांत जेमतेम पाच ते दहा दिवसांची असते, आणि आमचा मुलगा त्यातले चार दिवस ईमेल न उघडता बसलेला असतो.

आणखी एक दार असतं. नोंद चालू असेपर्यंत दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर सेव्हिसची नोंद तिकडे हलवता येते. एकदा बंद झाली की तेच काम कितीतरी अवघड होतं. स्वतःहून शिक्षण थांबवून १५ दिवसांत परत जाणं हाही एक मार्ग आहे, पण चौकशी चालू असताना तसं करू देतात की नाही हे विद्यापीठागणिक वेगळं असतं. म्हणून विचारावं लागतं. न विचारता, ग्रुपवरच्या सल्ल्याने, नापास व्हायची भीती असलेला कोर्स गुपचूप ड्रॉप करणारीही मुलं आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १२ क्रेडिट लागतात, एमएसला बहुतेक ठिकाणी ९. त्याखाली परवानगीशिवाय गेलं की हिअरिंगच्या आधीच दर्जा गेला. म्हणजे शिक्षा व्हायच्या आधी आपणच ती करून घेतली.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मला रात्री झोप लागली नव्हती. एक मुलगी होती, कोकणातली. पहिल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. तापबिप नव्हे. उठवेना, जेववेना, वर्गात जाववेना. चार महिने तिने कुणालाच सांगितलं नाही. ग्रेड घसरले, प्रोबेशन आलं, पुढच्या सेमिस्टरला शैक्षणिक निलंबन. तिने काही उतरवलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. तरी सेव्हिसमधली यादी तीच आणि बटण तेच.

आजारपणासाठी नियमात सोय आहे. डॉक्टरचं किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र आणलं तर डीएसओ कोर्सचं ओझं कमी करून देऊ शकते, अगदी शून्यावरही आणू शकते, आणि दर्जा शाबूत राहतो. एका पदवीच्या काळात अशी एकूण १२ महिन्यांपर्यंत सवलत मिळते. अट एकच : परवानगी आधी घ्यायची. ग्रेड लागल्यानंतर पत्र आणून मागची तारीख लावता येत नाही. तिने नोव्हेंबरमध्ये माझ्या दारावर टकटक केली असती तर पंधरा मिनिटांचं काम होतं. मे महिन्यात ती आली तेव्हा तिच्या हातात विद्यापीठाच्याच आरोग्यकेंद्राचं पत्र होतं, नीट घडी करून पाकिटात ठेवलेलं. मी ते वाचलं आणि परत पाकिटात घातलं.

तुमच्या सेमिनारला पालक येतात, म्हणून त्यांच्यासाठी हे. मुलावर काहीही आलं तरी विद्यापीठ तुम्हाला फोन करणार नाही. इथल्या कायद्याने कॉलेजातल्या मुलाच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या स्वतःच्या. त्याने लेखी संमती दिल्याशिवाय मी आईलाही काही सांगू शकत नाही. पहाटे तीन वाजता भारतातून फोन करून विनवणाऱ्या आया मी ऐकल्या आहेत आणि मला गप्प राहावं लागलं आहे. त्यामुळे मुलगा स्वतः बोलला तरच घरी कळेल, आणि तो बोलेल की नाही हे तो निघायच्या आधी घरात ठरलेलं असतं. “काही झालं तरी आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही” हे वाक्य चकल्या-चिवड्याच्या डब्यांबरोबर त्याला द्या.

तुमच्यातले बरेच जण आता ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियालाही मुलं पाठवतात, आणि तिन्हीकडचे नियम एकसारखे समजून सांगितले जातात. तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे विद्यापीठाला मुलाला निलंबित करायचं असेल तर आधी नोटीस देऊन अंतर्गत अपिलासाठी २० कामाचे दिवस द्यावे लागतात, आणि कुणाच्या जिवाला किंवा स्वास्थ्याला धोका नसेल तर ते अपील संपेपर्यंत निलंबन लागू करता येत नाही. ब्रिटनमध्ये प्रायोजक असलेल्या विद्यापीठाने गृहखात्याला १० कामाच्या दिवसांत कळवायचं असतं. मग गृहखातं व्हिसाची मुदत कापतं, बहुधा ६० दिवसांवर आणतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यापीठाच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र लवादासारख्या ओआयए या संस्थेकडे तक्रार करता येते, पण त्या तक्रारीने व्हिसा थांबून राहत नाही. अमेरिकेत मुलाला असे ठरावीक दिवस देणारा देशपातळीवरचा नियमच नाही. जे आहे ते त्या त्या विद्यापीठाच्या पुस्तिकेत. म्हणून पुस्तिका वाचायला लावा.

२०२५ च्या वसंत ऋतूनंतर हे सगळं अजून गढूळ झालं. त्या मार्च-एप्रिलमध्ये सरकारने स्वतःच हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी बंद केल्या. त्यांत भारतीय मुलं खूप होती, आणि कित्येकांचं कारण जुना ट्रॅफिकचा गुन्हा इतकंच होतं. न्यायालयांत दावे गेले आणि एप्रिलच्या अखेरीस नोंदी परत चालू करायला सुरुवात झाली. ते विद्यापीठांनी केलेलं नव्हतं. आम्हालाही प्रणाली उघडल्यावरच कळत होतं. पण तेव्हापासून मुलं आमच्या ऑफिसच्या दाराशी येऊन परत जातात. ज्या दाराशी यायला हवं त्याचीच भीती बसली आहे.

परत येणाऱ्यांबद्दलही सांगते, कारण निलंबन म्हणजे शेवट नसतो आणि तुमच्याकडे ती मुलं पुन्हा येतातच. मुदत संपली की विद्यापीठ बहुधा परत घेतं. पण नवी आय-२०, नवा सेव्हिस क्रमांक, ३५० डॉलरची फी पुन्हा, पुष्कळदा व्हिसाची मुलाखतही पुन्हा. सीपीटी-ओपीटीसाठी लागणारं एक शैक्षणिक वर्ष पहिल्यापासून मोजलं जातं. बँकेचं व्याज या काळात थांबत नाही. आणि इथे तुमच्या काही मंडळींबद्दल मला राग आहे. व्हिसाच्या अर्जात पूर्वी अटी मोडल्या का, असा प्रश्न असतो. मुलाला “नाही लिही, कुणाला कळतंय” असं सांगणारे सल्लागार आहेत. वकिलातीला सेव्हिस दिसतं. निलंबन भोगून आलेला मुलगा खरं सांगून व्हिसा मिळवताना मी पाहिला आहे. महत्त्वाच्या गोष्टीत खोटं सांगितल्याचा ठपका बसला तर आयुष्यभराची प्रवेशबंदी येऊ शकते. निलंबन दोन सेमिस्टरचं होतं. खोटं त्याहून कितीतरी लांब पुरतं.

माझं मागणं मोठं नाही. जून-जुलैत फॉलच्या, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राच्या, मुलांसाठी तुम्ही प्री-डिपार्चरचा कार्यक्रम ठेवता. बॅगेचं वजन, सिमकार्ड, प्रेशर कुकर यांवर तास जातो. त्यातला अर्धा तास मला द्या, म्हणजे या विषयाला द्या. कोड कुणाला पाठवायचा नाही, मागितला तरी, रूममेट असला तरी, हे सांगा. विद्यापीठाची ईमेल रोज उघडायची हे सांगा. आरोपाचा कुठलाही फॉर्म, ‘मान्य’ असो की ‘अमान्य’, त्यावर टिचकी मारायच्या आधी आणि कुठलाही कोर्स सोडायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जायचं, त्याच दिवशी. जमत नसेल तर ईमेल करायची, “मला एका हिअरिंगबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे,” एवढं एक वाक्य. झोप आणि भूक गेली तर डॉक्टरकडे, आणि तिथून सरळ डीएसओकडे.

मी दर शनिवारी सकाळी मोकळी असते, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळ. व्हिडिओ कॉलवर कुठल्याही गावच्या मुलांशी मराठीत बोलायला मी तयार आहे, एक पैसा न घेता. माझ्यासारखी मराठी माणसं इथल्या इतर विद्यापीठांच्या कार्यालयांतही आहेत, आणि त्यांतल्या तिघांनी मला हो म्हटलं आहे. तुम्ही वेळ कळवा.

आपली नम्र,
आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातली एक मराठी डीएसओ